दाबून धरलेलं बटण

"आधी हात काढा, मग बोला," असं ती एकदा एका बड्या दवाखान्याच्या मुख्य डॉक्टरांना म्हणाली होती. डॉक्टर चालू मशीनच्या मागे हात घालून कीबोर्डची पिन उपटत होते, पुन्हा खुपसत होते आणि बिघाड नेमका कुठे आहे हे तोंडाने तिलाच समजावत होते. चालू मशीनमध्ये अशी ओढाताण केली की आतलं काहीतरी जळतं, आणि मग रोग्यापेक्षा इलाज महाग पडतो. आजूबाजूच्या नर्सेसनी श्वास रोखला. डॉक्टरांनी मात्र निमूटपणे हात काढला. तेव्हापासून ते वाक्य तिच्या पाठीला चिकटलं. ती दारात दिसली की माणसं हसत हसत दोन्ही हात वर करायची, पोलिसांनी पकडल्यासारखे.

लोक तिला बटणवाली मावशी म्हणत. त्याचं कारण जुनं होतं. आधी ती तयार कपड्यांच्या कारखान्यात शर्टांना बटणं लावायची. कारखान्यात लेबलं छापायचा एक कम्प्युटर होता. त्याचा कीबोर्ड अडला की मुकादम तो टेबलावर आपटायचा. एकदा तिने तो त्याच्या हातातून काढून घेतला, सुईने एकेक बटण उचकटलं, आतला दोऱ्याचा आणि धुळीचा गुंता काढला आणि सगळी बटणं जागच्या जागी बसवली. पुढे कारखाना बुडाला, पण तोवर तिचा हात बसला होता. "नशिबात बटणंच," ती म्हणायची. "आधी दोऱ्याने बसवायचे, आता बोटाने."

नवरा गेला होता. वारला नव्हता, नुसता गेला होता. मागे एक मुलगा आणि भंगारातून आणलेलं एक मशीन उरलं. त्या मशीनच्या पोटातला छोटा सेल मेलेला होता, त्यामुळे रात्री बंद केलं की सकाळपर्यंत ते सगळं विसरायचं. आज वार कोणता, साल कोणतं, आपल्या पोटात काय काय आहे, सगळंच. दोघं त्याला विसराळू म्हणायचे. ते सुरू होताना कोपऱ्यातलं एक बटण दाबलं तरच सेटिंगचा पडदा उघडायचा आणि तिथे त्याला तारीख सांगता यायची. ती संधी पापणी लवण्याइतकीच. मुलाचे पाय तेव्हा खुर्चीवरून जमिनीला टेकत नव्हते. तिने त्याचं इवलंसं बोट धरून त्या बटणावर ठेवलं होतं.

"चालू करायच्या आधीच बोट ठेवायचं, सोन्या. आणि दाबून धरायचं. सोडायचं नाही. वेळ गेली की गेली."

विसराळू इतकं सुस्त होतं की त्याला ते चालून जायचं. रोज सकाळी दूध पिण्याआधी पोरगा बोट दाबून धरायचा आणि मशीनला आजचा दिवस सांगायचा. त्या घरात तारीख आधी यंत्राला कळायची, मग माणसांना.

सोन्या मोठा झाला, डिप्लोमा केला आणि नोकऱ्या धरू लागला. धरू लागला म्हणजे सोडूही लागला. कुठे साहेबाशी वाजलं, कुठे कंपनीच गुंडाळली, कुठे तोच सकाळी उठेना. नखं कुरतडून बोटांची टोकं लाल झालेली असायची. मग त्याला अंडी उबवण्याच्या केंद्रात कम्प्युटरवर काम मिळालं, आणि का कोण जाणे, तिथे तो टिकला. पिल्लांच्या गोष्टी सांगू लागला. "आई, बाहेर यायच्या आदल्या दिवशी ती आतून बोलतात गं. कान लावला की ऐकू येतं." त्याची नखं वाढली. एकदा तो झोपलेला असताना तिने ती बघितली आणि बराच वेळ दिवा मालवला नाही. महिनाअखेरीस तो कायम होणार होता.

आणि त्या सकाळी केंद्राच्या मालकांचा फोन आला.

"मावशी, आत्ताच्या आत्ता या. मशीन रोज सकाळी रुसतं. कीबोर्ड बदलला, तरी तेच."

"सोन्या आहे ना तिथे?"

"आहे. पण तुमचा मुलगा आहे म्हणून नाही बोलावत तुम्हाला. तुम्ही खोटं बोलत नाही म्हणून बोलावतोय."

ते वाक्य तिला कौतुकासारखं लागलं नाही. खिशात कुणीतरी दगड टाकावा तसं लागलं.

केंद्राची इमारत लांबट, बिनखिडक्यांची. दार उघडलं की ओल्या गरम हवेचा लोळ अंगावर यायचा, ताप आलेल्या माणसाच्या पांघरुणात शिरल्यासारखा. भिंतीपलीकडे मोठमोठ्या कपाटांत अंड्यांचे ट्रे होते. ऊब किती, ओल किती, ट्रे कधी कुठल्या अंगाला कलवायचे, हे सगळं एका टेबलावरचा कम्प्युटर ठरवत होता. तो बंद असला की पंखे मंदावत. शेवटच्या दिवसांतली अंडी स्वतःच गरम होऊ लागलेली असतात. वारा मिळाला नाही तर ती आपल्याच उबेने शिजतात. हे तिला सोन्यानेच सांगितलं होतं.

दाराबाहेरच्या बाकावर आक्का बसली होती. साफसफाई करणारी बाई, वयाने मावशीपेक्षा मोठी, मांडीवर पिशवी, पिशवीत घडी केलेला कामाचा अंगरखा.

"या, बटणवाली," आक्का म्हणाली. "बघा, माझ्या फडक्याने कुणाकुणाचं घर बुडवलं ते."

"कसला फडका?"

"ओला. मी कीबोर्ड ओला करते म्हणे. सकाळी पुसते, तर सकाळी बिघडतं. दुपारी सुकतं, तर दुपारी चालतं. एवढी अक्कल त्या डबड्याला आहे, मला नाही." तिने पिशवी घट्ट धरली. "निकाल लागेपर्यंत बाहेर बस म्हणालेत. बसलेय."

"फडक्याचं कुणी काढलं?"

आक्काने दाराच्या काचेतून आत बघितलं.

आत मालक टेबलाशी उभे होते. चाळिशीचा, कमी बोलणारा माणूस. बाह्या वर सरकवलेल्या, डोळे न झोपलेले. त्यांना मशीनमधलं कळत नव्हतं असं नाही. केबल तपासली होती, कीबोर्ड बदलून पाहिला होता, त्याची गोल पिन वाकलेली नाही हेही भिंग लावून पाहिलं होतं. मशीनचा प्रोग्राम गोठतो म्हणून ते रोज सकाळी एकदा बंद करून चालू करायचं, असं ते बसवणाऱ्यांनीच सांगितलं होतं. त्या दिवसापासून हा घोळ. चालू केलं की बीप वाजतो आणि पडद्यावर ओळ येते: कीबोर्डमध्ये बिघाड, पुढे जाण्यासाठी एफ-वन दाबा.

"दाबलं तरी ढिम्म," मालक म्हणाले.

"तोच तर विनोद आहे," ती खाली बसत म्हणाली. "कीबोर्ड बिघडला म्हणतं, आणि कीबोर्डवरचंच बटण दाब म्हणतं. पाय मोडलेल्या माणसाला दवाखान्यात पळत ये म्हणावं तसं."

मालक हसले नाहीत.

"हा बिचारा दहा वेळा चालू-बंद करतो," ते सोन्याकडे बोट दाखवत म्हणाले. "शेवटी मला बोलावतो. मी येईपर्यंत सुकतं, आणि मग माझ्या हाताने चालू होतं. काल फार वेळ गेला, मावशी. एका कपाटातली पिल्लं गेली. अंड्यातच. मी फोडून बघितली. आज कारण कळलं पाहिजे. ज्याचा हात, तो घरी. आक्कालाही हेच सांगितलंय, सगळ्यांनाच सांगितलंय. ओळखदेख बघणार नाही."

सोन्या भिंतीला टेकून उभा होता. "आई, मी बघितलंय तिला पुसताना," तो हळूच म्हणाला. "फडका न पिळताच पुसते गं."

म्हणजे फडका याने काढला. तिने पिशवी उघडली. बारीक पेचकस, मऊ ब्रश आणि जुनी शिवणाची सुई एका ओळीत मांडली.

"आधी हात काढा," ती म्हणाली, आणि मालकांनी टेबलावरचा हात उचलला.

तिने मशीन बंद केलं, पिन काढली, पाहिली, बसवली. बटण दाबलं. मशीन सुरू झालं. एकही बीप नाही. बंद करून पुन्हा सुरू केलं. पुन्हा ठीक. केबल वाकवून, हलवून पाहिली. एकेका बटणावरून बोट फिरवलं. अडकलेलं बटण बोटाला कळतं, उसवलेल्या टाक्यासारखं. एकही अडकत नव्हतं.

"डॉक्टर बघितला की ताप उतरतो," मालक म्हणाले. आतल्या खोलीत कुठलीतरी घंटा वाजू लागली तसे ते घाईने उठले. "शेवटच्या कपाटाचं दार उघडून येतो. तुम्ही शोधा."

ते गेले. तिने टेबलाखालच्या बादलीतला आक्काचा फडका उचलला आणि न पिळता कीबोर्डवरून फिरवला. पाणी फटींमध्ये चकाकलं. सोन्या पुढे झाला, "अगं, हे काय!" तिने बटण दाबलं. मशीन सुरळीत सुरू झालं. थोडं पाणी पिऊन कीबोर्ड मरत असेल, पण ठरलेल्या वेळी रोज मरून रोज जिवंत होत नाही. फडका सुटला. आक्का सुटली.

तिने मशीन बंद केलं. "सोन्या, तू कसं चालू करतोस? रोज करतोस तसंच कर."

"त्यात काय करायचं? बटणच तर दाबायचं."

"दाब."

तो खुर्चीत बसला. डाव्या हाताने खालच्या पेटीचं बटण चाचपलं. उजवा हात कीबोर्डवर आला, कोपऱ्यात गेला, आणि तर्जनी एका बटणावर टेकली. टेकली आणि दबली. मग डाव्या हाताने मशीन चालू केलं. तो पडद्याकडे बघत होता. त्याचा उजवा हात काय करतोय हे त्याला ठाऊकच नव्हतं. श्वास घेताना छाती वर येते हे कुणाला ठाऊक असतं?

बीप वाजला. कीबोर्डमध्ये बिघाड.

चालू होताना मशीन आधी आपले अवयव मोजतं. त्या क्षणी एखादं बटण दबलेलं दिसलं, की ते कीबोर्ड बिघडला असं धरतं आणि त्याच्याकडे पाठ फिरवतं. मग कितीही दाबा. विसराळू म्हातारं होतं, डोळे किलकिले करून चालवून घ्यायचं. हे नवं मशीन काटेकोर होतं.

ती त्या बोटाकडे बघत राहिली. वाढलेलं नख, बटणावर अजून दाबलेलं. ते बोट तिथे तिनेच ठेवलं होतं, पाय जमिनीला टेकत नव्हते तेव्हा. सोडायचं नाही, असं तिनेच सांगितलं होतं. जगाला ऐकवलेलं वाक्य तिच्या घशाशी आलं, आधी हात काढ, आणि तिथेच अडकलं.

सोन्याने तिच्या नजरेच्या मागोमाग खाली पाहिलं. स्वतःच्या हाताकडे. तो हात त्याने इतक्या हळू उचलला की जणू खाली काहीतरी झोपलेलं आहे.

"आई," तो म्हणाला. नुसतं ओठांनी. "विसराळू."

तिने मान डोलावली.

पावलं वाजली. बीप ऐकून मालक धावतच आले होते. "आला! बघा, आला ना! आता धरा त्याला."

"थांबा," ती म्हणाली. आवाज तिचा होता, पण कुणाचा तरी उसना आणल्यासारखा. "सेटिंग बघते."

तिने मशीन बंद केलं, चालू केलं, आणि योग्य क्षणी ते कोपऱ्यातलं बटण नुसतं टिचकीसारखं दाबलं. निळा पडदा उघडला. खाली खाली जात ती एका ओळीवर थांबली. सुरू होताना कुठल्या चुकांसाठी थांबायचं, असं तिथे विचारलेलं असतं. समोर लिहिलं होतं: सगळ्या. एक बटण दाबलं की तिथे येणार होतं: कीबोर्ड सोडून. मग सोन्याने बोट ठेवलं काय, अख्खा हात ठेवला काय, मशीन जन्मात तक्रार करणार नव्हतं. यंत्राचं तोंड बंद करायची सोय यंत्रातच असते. आणि हे खोटंही नव्हतं. शेकडो मेकॅनिक हेच करतात, चहा पितात आणि जातात.

तिचं बोट बटणावर होतं. सोन्याचा श्वास तिला ऐकू येत होता. भिंतीपलीकडे पंखे मंद झाले होते.

"सापडलं वाटतं," मालक म्हणाले. "होईल ना ठीक?"

"होईल."

"आता पुन्हा नाही अडकणार?"

"नाही अडकणार."

मालकांनी सुस्कारा सोडला आणि चेहऱ्यावरून हात फिरवला. "सुटलो. म्हणजे पाणी आत जाऊन काहीतरी हललं होतं, असंच ना? मग आक्काला सांगून टाकतो. बिचारी सकाळपासून बसलीये, ताटकळत ठेवायला नको. वाईट वाटतं, पण शब्द तो शब्द." ते दाराकडे वळले.

दाराच्या काचेतून बाकावरची आक्का दिसत होती. तिने पिशवीतून अंगरखा काढला होता आणि त्याची घडी मोडून पुन्हा घालत होती. आधीची नीट नव्हती म्हणून नव्हे. हातांना काम नव्हतं म्हणून.

मावशीने बोट उचललं. काहीही न बदलता ती त्या निळ्या पडद्यातून बाहेर आली आणि मशीन बंद केलं. पडदा काळा झाला, आणि त्यात तिचा आणि मुलाचा चेहरा एकावर एक दिसू लागला.

"मालक, जरा थांबा," ती म्हणाली. "सोन्या, चालू कर."

ती खुर्चीतून उठली, दोन्ही हात पाठीमागे धरले आणि बाजूला झाली. मालक दाराशी थांबले.

सोन्या बसला. आता त्याला सगळं ठाऊक होतं. हात मांडीवर ठेवून त्याने नुसतं बटण दाबलं असतं, तर मशीन गुपचूप सुरू झालं असतं. मालक हसले असते, आक्का गेली असती, आणि महिनाअखेरीस तो कायम झाला असता. त्याने एकदा आईकडे पाहिलं. तिचा चेहरा भिंतीसारखा होता. त्यात दार नव्हतं, खिडकीही नव्हती. सांग असंही तो म्हणत नव्हता, गप्प राहा असंही नाही.

त्याने उजवा हात उचलला. तर्जनी कोपऱ्यातल्या बटणावर ठेवली. नुसती ठेवली नाही, मालकांना दिसावी म्हणून बाकीची बोटं दुमडून ठेवली. मग मशीन चालू केलं.

बीप वाजला.

"फडका नाही, मालक," सोन्या म्हणाला. "हे बोट. मी रोज दाबून धरतो. मला कळत नव्हतं, आईशपथ. आत्ता कळलं." त्याने बोट बटणावरून काढलं. "आणि आक्काचं नाव मीच घेतलं होतं."

मालक टेबलापाशी आले, स्वतः मशीन बंद केलं, हात दूर धरून चालू केलं. ते सुरू झालं. त्यांनी पुन्हा बंद केलं, कोपऱ्यातलं बटण स्वतःच्या बोटाने दाबून धरलं, चालू केलं. बीप. मग ते सावकाश मावशीकडे वळले.

"तुम्हाला माहीत होतं?"

"तुम्ही आतून आलात, त्याच्या जरा आधी कळलं."

"आणि मघाशी मी आक्काकडे निघालो होतो."

"म्हणून थांबवलं."

"सेटिंगमध्ये काय करत होतात?"

"लपवत होते," ती म्हणाली. "नाही जमलं."

पंखा कुठेतरी कुरकुरला. ती एक पाऊल पुढे आली. "मालक, बोट त्याचं आहे, पण शिकवण माझी. लहान होता तेव्हा घरच्या मशीनवर मी त्याला हे शिकवलं. दाबून धर, सोडू नको म्हणून. काढायचंच असेल तर..." ती अडखळली. तिला कुठून काढणार? ती इथे कामालाच नव्हती.

"मी हात कुणाचा ते विचारलं होतं, मावशी," मालक म्हणाले. आवाजात राग नव्हता, त्यामुळे तो जास्त लागला. "शिकवणी कुणाची ते नाही. उद्या आक्का मला विचारेल, माझ्यासाठी नियम एक आणि त्याच्यासाठी दुसरा का? मी काय सांगू?"

त्यांनी दार उघडलं. "आक्का, आत या. तुमचं काही नव्हतं."

आक्का दारात आली. तिने खुर्चीतला पोरगा पाहिला, पाठीमागे हात धरून उभी असलेली त्याची आई पाहिली, टेबलावर पाण्याने निथळणारा कीबोर्ड पाहिला. "हे ओलं मी नाही केलेलं," ती म्हणाली. मग सरळ जाऊन तिने आपला फडका उचलला, बादलीवर धरून करकचून पिळला. पाणी संपलं तरी पिळत राहिली.

सोन्याने मशीन बंद करून पुन्हा चालू केलं. या वेळी हात मांडीवर होते, एकमेकांत अडकवलेले. पडदा उजळला, आकडे हिरवे झाले. भिंतीपलीकडे पंखे जोरात फिरू लागले, आणि कण्हल्यासारखा आवाज करत ट्रे एका अंगावरून दुसऱ्या अंगावर कलले.

"आत जाऊन ट्रे नीट फिरताहेत का बघ," मालक त्याला म्हणाले. "शेवटचं कपाट आधी. आज शिफ्ट पुरी कर." ते खिडकी नसलेल्या भिंतीकडे बघत होते. "उद्यापासून येऊ नकोस."

सोन्या उठला. आतल्या खोलीच्या दारापाशी थांबून त्याने मागे पाहिलं. आईने काहीतरी बोलावं म्हणून नव्हे, ती बोलते का एवढंच बघायला. ती ब्रश पुसत होती. तिने ब्रश पिशवीत टाकला, पेचकस टाकला, सुई गळ्याजवळच्या कापडात टोचून ठेवली. कारखान्यातली सवय. मग तिने मान वर केली आणि मुलाकडे बघितलं, पूर्ण, अगदी त्याच्या हातांपर्यंत. तो आत गेला. दार उघडलं तेवढ्यात आतल्या कपाटांमधून, कवचाआडून, बारीक किलबिल ऐकू आली आणि दाराबरोबर बंद झाली.

तिने पिशवी खांद्याला लावली. आक्का दारातून बाजूला झाली आणि फडका धरलेल्या हातानेच दार उघडं धरलं. मालक काहीतरी म्हणायला वळले. मावशी त्यांच्याजवळून, आक्काजवळून बाहेर पडली.